ब-७ची दुरुस्ती

कोथरूडच्या त्या सोसायटीत लिफ्टशेजारी एक काळा फळा आहे. हेमाताई रोज सकाळी सातला त्यावर एक इंग्रजी शब्द लिहीत: अर्थ, मूळ आणि वापराचं एक वाक्य. शाळेतून निवृत्त झाल्यावर सुरू केलेल्या या कामाला नऊ वर्षं झाली. त्यांचे यजमान श्रीनिवासराव होते तोवर ते खाली जाऊन शब्द वाचून येत आणि चहा घेताना त्यावरून वाद घालत. ते गेल्यावर वाद घालायला घरात कोणी उरलं नाही.

मंगळवारी सेक्रेटरी आमोद जिन्यात भेटला.

"काकू, फळा काढावा म्हणतोय. नोटिसा ग्रुपवरच जातात. तिथे पार्सलचं कपाट बसेल."

"आणि शब्द?"

"वाचतं का कोणी?"

"शनिवारी सांगते," हेमाताई म्हणाल्या.

बुधवारी त्यांनी आयुष्यात कधी केली नव्हती अशी गोष्ट केली. फळ्यावर मुद्दाम चुकीचं लिहिलं. 'विंडो: खिडकी. मूळ लॅटिन, काच या अर्थाच्या शब्दावरून.' हाच शब्द गेल्या वर्षी त्यांनीच बरोबर लिहिला होता. पुण्यातली माणसं कौतुक करणार नाहीत, पण दिसलेली चूक सोडणार नाहीत, यावर त्यांचा भरवसा होता. वाचत असतील तर कोणीतरी टोकेलच.

दोन दिवस त्यांनी नवा शब्द न लिहिता तोच ठेवला, पण कोणी टोकलं नाही. लोक फळ्याकडे पाठ करून लिफ्टची वाट पाहत. आपल्या हातची चूक रोज समोर बघायची, हे हेमाताईंना दातदुखीसारखं सलत होतं. शुक्रवारी संध्याकाळी त्या ओलं फडकं घेऊन खाली गेल्या. पुसून टाकायचं आणि आमोदला हो म्हणायचं.

फळ्याच्या तळाशी बारीक, सरळ अक्षरांत लिहिलं होतं: 'चूक. गेल्या मार्चमध्ये आपणच लिहिले होते: मूळ जुने नॉर्स, वारा आणि डोळा. आपल्या गवाक्षातही डोळाच आहे. ब-७.'

ब-७च्या दारावर 'धम्मदीप रणपिसे' अशी पाटी होती. बेल वाजवल्यावर दार साखळीपुरतं उघडलं. आत एकच खुर्ची आणि टेबलावर उघडी वही दिसली.

"दुरुस्ती आपण केलीत?"

"चूक होती म्हणून केली."

"रोज वाचता?"

"उतरवून घेतो."

"नऊ वर्षांत कधी काही बोलला नाहीत ते?"

"बोलायला चूक कुठे होती?" रणपिसेंनी विचारलं, "आणखी काही?"

"नाही."

दार बंद झालं. चहाचं विचारायचं दोघांनाही सुचलं नाही.

शनिवारी हेमाताईंनी आमोदला सांगितलं, "कपाट दुसरीकडे बसवा." मग त्या फळ्यासमोर उभ्या राहिल्या. पुन्हा एखादी चूक केली तर ते पुन्हा दुरुस्ती लिहितील, हे त्यांना ठाऊक होतं. खडू बराच वेळ हातात राहिला.

शेवटी त्यांनी नवा शब्द लिहिला. मूळ दोनदा तपासून, अगदी बरोबर.