शंभर टक्क्यांबाहेरचा मुलगा

कुम्मरबस्तीच्या सरकारी हायस्कूलला दोन दारं होती. पुढच्या दारानं बस्तीतली मुलं सहावीत नाव घालायला येत. मागचं दार वर्षभर गंजत पडे आणि जूनमध्ये वापरात येई. खासगी शाळांनी नववीनंतर ज्यांच्या हातात दाखला ठेवला, ती मुलं त्या दारानं येत, बापाच्या मागं, मान खाली घालून.

रीत साधी होती. हैदराबादेत दहावीचा निकाल लागला की संध्याकाळच्या आत चौकाचौकात फ्लेक्स लागतात. मुलांचे चेहरे, चेहऱ्यांखाली मार्क आणि सगळ्यांच्या डोक्यावर भला मोठा शंभर टक्के. आता शंभर टक्के निकाल लावायचा खात्रीचा उपाय एकच. जो नापास होणार, त्याला परीक्षेला बसवायचंच नाही. नववीच्या शेवटी आईबापांना बोलावून, चहा पाजून सांगायचं, 'तुमच्या मुलाला इथला ताण सोसत नाही हो.' ताण न सोसणारी मुलं मग सरकारी शाळेत जातात, त्यांतली बरीचशी तिथं नापास होतात आणि पुढच्या जूनमध्ये वर्तमानपत्रात तुलना छापून येते. खासगी शाळा किती पुढं, सरकारी किती मागं. सोबत एखादा अग्रलेखही असतो.

हेडमास्तर यादगिरी सारांना हे सगळं कळत होतं. पण दारात आलेल्या पोराला परत कसं पाठवायचं, हे त्यांना बी.एड.ला शिकवलं नव्हतं.

यंदा मात्र वरून हुकूम आला होता. ज्या सरकारी शाळेचा निकाल येत्या परीक्षेतही पाऊणशे टक्क्यांच्या खाली राहील, तिचा दहावीचा वर्ग बंद करून जवळच्या शाळेत मिळवायचा. जवळची शाळा हायवेच्या पलीकडं होती. मुलगे गेले असते. मुलींचं काय झालं असतं हे हुकूम काढणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. बस्तीतल्या आयांना होतं. त्यांनी आत्तापासूनच स्थळांची चौकशी सुरू केली होती.

"यंदा मागच्या दाराला कुलूप, सार," गणिताच्या अनसूया टीचर म्हणाल्या.

"कुलूप आहे की."

"मग किल्ली विहिरीत टाका. आपली शाळा म्हणजे स्वर्णशिखरावाल्यांची मोरी झालीये. न्हायचं त्यांनी आणि पाणी आपल्या अंगणात."

"मोरी नसलेल्या घरात न्हाणार कोण, टीचर?"

"हे जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांना, डीईओ साहेबांना ऐकवा. टाळ्या वाजवतील आणि वर्ग बंद करतील."

स्वर्णशिखरा टेक्नो स्कूल शेजारच्याच गल्लीत होतं. त्याला पाच मजले होते, लिफ्ट होती. मैदान तेवढं नव्हतं, पण खाली पाहुण्यांच्या खोलीत मैदानाचा मोठा फोटो लावला होता.

अनसूया टीचर विहिरीचं बोलल्या त्याच दुपारी मागचं दार वाजलं. बाहेर स्वर्णशिखराचे करस्पाँडंट करुणाकर राव उभे होते. शाळेच्या मालकाला इकडं मालक म्हणत नाहीत, करस्पाँडंट म्हणतात. ऐकायला बरं वाटतं. त्यांच्या मागं चष्मा लावलेला एक उंच, पोक काढून उभा राहणारा मुलगा होता.

"नमस्कारम, सार. हा वर्धन. नववी झालीये."

"यंदा तुम्ही स्वतः? एरवी क्लार्क येतो. कुणाचा हा?"

"माझा."

दोघंही थोडा वेळ वरच्या पंख्याकडं बघत राहिले. पंखा बंद होता.

"राव गारू, शाळा तुमची, मुलगा तुमचा…"

"म्हणून तर. दुसऱ्याच्या पोराला दाखला दिला आणि माझ्याला ठेवून घेतलं, तर उद्या आईबाप मला जाब विचारतील. नियम म्हणजे नियम."

हे ते इतक्या सरळ मनानं म्हणाले की यादगिरी सारांना क्षणभर त्यांचा आदर वाटला. मग आठवलं की नियम करणारेही हेच.

"मग नियम बदला."

"फ्लेक्स बदलावा लागेल, सार."

"दुसऱ्या एखाद्या खासगी शाळेत?"

"त्यांचेही शंभरच आहेत ना." करुणाकर रावांनी रुमालानं मान पुसली. "त्याची आई माझ्याशी बोलत नाही. ताट आणून ठेवते, पण ठेवताना वाजवते."

अनसूया टीचर मध्येच आत आल्या होत्या. त्यांनी मुलाला सोपं गणित विचारलं. मुलगा त्यांच्याकडं टक लावून बघत राहिला. "नववीत गणितात किती?" तो म्हणाला, "नऊ." टीचर सारांकडं वळल्या. "ऐकलंत? आपल्या दहावीच्या पोरी बुडवायला हा एकटा पुरेल." आणि पदर खोचून निघून गेल्या.

यादगिरी सारांनी वर्धनचं नाव घातलं.

बाप गेल्यावर मुलगा दारात रेंगाळला. "सार, मी कुणाचा मुलगा ते वर्गात सांगू नका."

"का रे? मारतील म्हणून?"

मुलगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपल्यावर तो सारांजवळ आला आणि म्हणाला, "मारतील म्हणून नाही, सार. हसतील म्हणून."

"नाही सांगणार," सार म्हणाले.

सांगायची वेळ आलीच नाही. करुणाकर राव रोज सकाळी टोपी कपाळावर ओढून, स्वतः गाडी चालवत त्याला कोपऱ्यावर सोडत. ओळख पटू नये म्हणून मुलगा मागच्या सीटवर बसे. दहावीच्या वर्गानं आठवड्याच्या आत निकाल लावला. वर्धनचा बाप ड्रायव्हर आहे.

"मालक भला दिसतो तुझ्या बापाचा," वर्गातली रुकय्या म्हणाली. "पोराला गाडीतून सोडू देतो. सांग बापाला, नोकरी सोडू नको म्हणावं."

वर्धन गंभीर चेहऱ्यानं मान हलवून बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी सांबारभाताची पंगत बसली, अंडी वाटून झाली, आणि एकाएकी तो इतका हसायला लागला की त्याला ठसका लागला.

हे हसणं अनसूया टीचरांनी पाहिलं. मग त्या त्याच्यावर नजर ठेवू लागल्या. कुणी सोमवारी विनोद सांगितला की वर्धन मंगळवारी हसे. तेव्हा त्यांनी एक करून पाहिलं. सोमवारचं गणित त्याला सोमवारी विचारायचंच सोडून दिलं. मंगळवारी विचारलं, तर पोरानं फळ्याजवळ जाऊन ते सोडवलं, सावकाश, जणू मागणी घालायला आलाय.

"पोरगं ढ नाही, सार," त्या ऑफिसात येऊन खुर्चीत बसल्या. "लांबून येतं, एवढंच. तिकडं शिकवल्या दिवशीच संध्याकाळी टेस्ट. हे बिचारं पोचायच्या आत पेपर गोळा."

"मग आता?"

"आता काय. मोरीत सापडलेली अंगठी आहे, धुऊन घ्यायची."

परीक्षेच्या आधी सगळ्यांची हॉल तिकिटं बस्तीतल्या पोचम्मा देवीच्या पायाशी ठेवली. त्या दिवशी स्वर्णशिखरावाल्यांचाही गठ्ठा तिथं आला. पोचम्मानं दोन्ही गठ्ठे सारख्याच हळदीनं माखले. ती निकाल वाचत नसावी.

निकाल लागला. वर्धन पहिल्या वर्गात पास झाला. रुकय्याला शाळेत सगळ्यांत जास्त मार्क पडले. आणि शाळेचा निकाल पाऊणशेच्या चार पावलं अलीकडं थांबला. नापासांमध्ये निम्म्याहून जास्त मागच्या दारानं आलेले होते. 'मी सांगितलं होतं' असं अनसूया टीचर म्हणाल्या नाहीत. ते यादगिरी सारांना जास्त लागलं.

चौकात स्वर्णशिखराचा फ्लेक्स लागला. रोज संध्याकाळी एक माणूस टोपी घालून त्या फ्लेक्सखाली उभा राही आणि सगळे चेहरे वाचून घरी जाई.

पुढच्या आठवड्यात डीईओ साहेबांनी महानगरातल्या सगळ्या हेडमास्तरांची आणि करस्पाँडंटांची बैठक बोलावली. विषय होता तुलनात्मक आढावा. पडद्यावर दोन रंगांचे खांब उभे होते. खासगीचे निळे खांब छताला टेकले होते, सरकारीचे तांबडे गुडघ्याएवढे होते. शंभर टक्केवाल्यांना शाली घातल्या. करुणाकर रावांना शाल मिळाली तेव्हा बाहेर ऊन मी म्हणत होतं, तरी त्यांनी ती अंगावरून काढली नाही. मग कमी निकालवाल्यांना उभं केलं.

"यादगिरी गारू," साहेब म्हणाले, "शेजारशेजारच्या शाळा. मुलं त्याच हवेतली, पाणी तेच. त्यांचा शंभर, तुमचा एकाहत्तर. कारण सांगा. नाहीतर वर्ग पलीकडं मिळवायचा आदेश तयारच आहे."

कारण समोरच शाल पांघरून बसलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. यादगिरी सारांना रुकय्याच्या धाकट्या बहिणी आठवल्या, दोघी, आठवीत आणि नववीत. मग दारात रेंगाळणारा तो पोक काढलेला मुलगा आठवला. त्यांनी शब्द दिला होता. शब्द एकाच मुलाला दिला होता आणि वर्ग सगळ्यांचा होता. हा हिशेब त्यांना कुठल्याच बाजूनं सुटेना.

"साहेब," ते शेवटी म्हणाले, "मुलं दहावीला बसली कुठून, ते तुम्ही मोजलंत. नववीपर्यंत होती कुठं, तेही एकदा मोजा. नावं नकोत. नुसते खांब पुन्हा काढा."

सभागृहात निळ्या बाजूला खुर्च्या करकरल्या.

"तशी माहिती आपल्याकडं नसते," साहेब म्हणाले. "कुणाचं उदाहरण असेल तर द्या."

"उदाहरण नाही देता येणार."

"मग बसा." साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"साहेब," समोरून आवाज आला. करुणाकर राव उभे होते. शाल एका खांद्यावरून घसरली होती. "माझा मुलगा पास झालाय."

"अभिनंदन. बसा."

"पहिल्या वर्गात, साहेब. गणितात साठ. त्याला नऊ पडायचे." त्यांनी शाल सावरली. "आठवडा झाला, कुणाला सांगता येईना. शेकडो पोरांचे चेहरे लावतो मी फ्लेक्सवर. माझ्याचा लावता येत नाही. तो माझ्या शाळेत नाही ना. तो यांच्या शाळेत आहे."

साहेबांनी पेनाचं टोपण परत लावलं. "तुमचा मुलगा? सरकारी शाळेत? का?"

झालेला आनंद सांगायच्या भरात आपण काय बोलून बसलो, हे करुणाकर रावांच्या तेव्हा ध्यानात आलं. उशिरा पोचण्याचा गुण त्या घरात कुठून आला, हे यादगिरी सारांना कळलं. पण माणूस मागं फिरला नाही.

"नववीत काढून टाकला, साहेब," ते म्हणाले. "मीच."

निळ्या बाजूचे करस्पाँडंट त्यांच्याकडं असे बघू लागले, जणू जेवायला बसलेल्या वऱ्हाडात कुणी आचाऱ्याचं मळकं नख दाखवलं. साहेब पाणी प्याले. मग म्हणाले की खांब पुन्हा काढावे लागतील, आणि नवे खांब निघेपर्यंत, म्हणजे यंदाचं वर्ष तरी, कुम्मरबस्तीचा दहावीचा वर्ग जिथं आहे तिथं राहील.

यादगिरी सार शाळेत परतले तेव्हा वर्धन मार्कांचा कागद न्यायला आला होता. सारांनी त्याला सगळं सांगितलं. "मी नाही सांगितलं, बाळा. तुझ्या वडिलांनीच सांगितलं. भरसभेत. शाल पांघरून."

वर्धननं ऐकून घेतलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "बरं, सार," म्हणाला आणि गेला.

"वाईट वाटलं वाटतं पोराला," अनसूया टीचर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसातला फोन वाजला. यादगिरी सारांनी उचलला. पलीकडं कुणी बोलत नव्हतं. कुणीतरी नुसतं हसत होतं, श्वास घेऊन पुन्हा हसत होतं. मागं एक बाईमाणूस विचारत होतं, "अरे, झालं काय?" आणि कुठंतरी ताट ठेवल्याचा हलका आवाज आला, ताट वाजवलं मात्र नव्हतं.

"कोण, सार?" टीचरांनी विचारलं.

"वर्धन," सार म्हणाले. "कालचं पोचलं."