मालनच्या पाठीवरचा खो

पौषातली उतरती उन्हं. सुवर्णधूलिधूसर माळ, हरभऱ्याचा आंबूस गंध, आणि मावळतीला जडशीळ, ताम्रवर्ण सूर्य. खंडोबाच्या देवळामागचा वारा त्या दिवशी इतका बेचैन, की मैदानाला घिरट्या घालता घालता तो स्वतःच्याच पायात अडखळून पडला. खोटं वाटत असेल तर बाभळीला विचारा. तिनेच त्याला सावरलं.

जत्रेच्या संध्याकाळी इथे खो-खो रंगतो: गावच्या लेकी एकीकडे, गावच्या सुना दुसरीकडे. लेकी सासरहून येतात, पदर खोचतात, आणि वर्षभर गिळलेली धाव मैदानात मोकळी करतात.

मधल्या रेघेवर लेकी उकिडव्या बसल्या होत्या; एक पूर्वेला तोंड करून, तिच्या शेजारची पश्चिमेला. पाठीवर तळवा पडावा, कानी खो यावा, बसलेलीने उठून धावावं, देणारीने तिच्या जागी बसावं.

त्या ओळीत, पश्चिमाभिमुख, मालन होती.

एके काळी मालन अशी धावे, की तिची सावली मागे राहून बांधावर दम खात बसे आणि तिन्हीसांजेला एकटीच घरी येई. आता ती मेणवर्णा, क्षीणकाया. पोटातलं दुखणं हाडांत उतरलेलं. पाडव्याची गुढी ती पाहील, असं डॉक्टरांनाही वाटत नव्हतं. माहेरी तिला चमच्याने पेज भरवणारी भावजय गोदा, तीच आज सुनांकडून पळत होती.

खेळ पेटला. धूळ पेटली. खो इकडे, खो तिकडे. उजवीकडे वीज, डावीकडे वीज. फक्त मालनच्या पाठीवर काही नाही. जिवलग मैत्रिणींचे तळवे तिला वळसा घालून जात होते, नदीने बेटाला घालावा तसा. गोदासुद्धा तिच्यापासून लांबून पळत होती.

पाठ वाट पाहत होती. पाठ जळत होती.

लेकींची म्होरकी हौसा धापा टाकत मागून गेली, तेव्हा मालन मान न वळवता म्हणाली, "हौसे, माझ्या पाठीला काटे फुटलेत का गं?"

"गप बस. बसलीयास ह्येच लई झालं."

"बसायला घरात खाट हाय."

शेजारची जुबेदा हसली, आणि हसता हसता तिने ओठ चावला.

"मेल्यावर चुकवा मला," मालन म्हणाली. "आज नको."

हौसा पुढे धावली. पण तिची पावलं मागेच घोटाळत राहिली. दोन्ही खांबांना वळसा घालून ती पुन्हा मालनच्या मागे आली. गोदा रेघ ओलांडून पश्चिमेला निसटली. आणि मग हौसाचा धुळकट, ओलसर तळवा त्या कृश पाठीवर टेकला.

"खो."

मालन उठली. माळ थांबला, वारा थांबला, गोदाही थांबली. पाय मातीत रुतावे तशी.

"पळ वहिनी," मालन गुरगुरली. "थांबलीस तर घरी तुझ्या हातची पेज तोंडाला लावायची न्हाई."

गोदा पळाली, डोळे पुसत, पण खरी पळाली, रेघ ओलांडून पुन्हा पूर्वेला. मालन एक पाऊल गेली, दुसरं गेली. तिसऱ्याला आभाळ कलंडलं. तिने हात लांबवला आणि जुबेदाच्या पाठीवर सगळा प्राण टेकवला.

"खो!"

जुबेदा उसळली. बाण सुटावा, ससाणा झेपावावा; गोदाच्या वेणीचं टोक तिच्या बोटांतून निसटलं, आणि दोघी धुळीच्या लोटात दिसेनाशा झाल्या.

मालन जुबेदाच्या जागी बसली. त्या जागेचं तोंड पूर्वेला. छाती भात्यासारखी हलत होती, ओठांवर माती होती, माती गोड लागत होती. आणि समोर, हरभऱ्याच्या काळसर रानावरून, केशरओला, थोरला, निवांत चंद्र वर येत होता. हळूहळू, हळूहळू, कुणीही पाठीवर हात न ठेवता.