चार मिनिटं आधी वाजलेली घंटा

मी एक जुनी पितळी घंटा आहे. माझी मूठ अक्रोडाच्या लाकडाची आहे आणि कितीतरी हातांनी ती गुळगुळीत झाली आहे. मित्रांनो, घंटेवर माणसं माया करतात ती तिच्या आवाजासाठी. माझा आवाज आता राहिलेला नाही. तो का गेला, ते सांगते.

ओतशाळेतून निघाले ती मी थेट आयोवातल्या एका एकखोली शाळेत आले. माझा आवाज ऐकून मुलं मक्याच्या शेतातून धावत येत. तिथल्या शेवटच्या शिक्षिका ऑर्फा त्वेत. गावात मोठी शाळा झाली तेव्हा बाईंनी मला आपल्या एप्रनमध्ये गुंडाळून तिकडे नेलं. तिथलं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी चार मिनिटं पुढे केलं, कारण लांबच्या मुलांची बस चुकायची. ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती.

त्या शाळेत मला आणखी एक काम मिळालं. दर चार वर्षांनी भर हिवाळ्यात आमच्या पक्षाची माणसं व्यायामशाळेत जमत. देशाच्या अध्यक्षपदासाठी पक्षाने कोणाला उभं करावं, ते ठरवायचं असे. चिठ्ठी नाही, पेटी नाही. ज्याला जो उमेदवार पसंत, त्याने त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं आणि मोजणीत आपला आकडा मोठ्याने म्हणायचा. शंभरात पंधरा माणसंही ज्या कोपऱ्यात नाहीत, त्याला पक्षाच्या पुढच्या सभेत प्रतिनिधी नाही.

बरोबर सात वाजता मी वाजायची. तेव्हा जो आत असेल किंवा दाराबाहेर रांगेत असेल, तो मोजायचा. मागून आलेला नाही. तीस वर्षं बाईंनी मला वाजवलं. आधी त्या मनगटावरचं घड्याळ बघत, मग बाहेर जाऊन रांगेतल्या शेवटच्या माणसाच्या खांद्याला हात लावून येत, आणि मगच मला उचलत. तेव्हा लोक म्हणत, "या घंटेवर शपथ घ्यावी!" मला फार अभिमान वाटे.

मग बाईंचे गुडघे गेले आणि लेलंड हॉवोर्का सभेचा अध्यक्ष झाला. तो बाईंचाच विद्यार्थी. त्याचा स्वतःचा कोपरा स्टेजजवळचा, सगळ्यात मोठा.

त्या वर्षी खिडकीजवळच्या कोपऱ्यात तेराच माणसं होती. आणखी चौघं डुकराच्या मांसाच्या कारखान्यातून, कामाची पाळी संपवून, बर्फातून येत होती. त्यांत खाम्फेट बक्कम होती. वीस वर्षं या गावात राहून ती पहिल्यांदाच मोजली जाणार होती. सकाळी कामावर जाताना तिने सगळ्यांसाठी घरी तळलेल्या एगरोलचा मोठा ट्रे शाळेत ठेवला होता.

लेलंडने खिडकीतून बाहेर पाहिलं. कारखान्याची गाडी आवारात वळत होती. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं, "वाजले सात!" आणि मला जोरात हलवलं. मित्रांनो, मी ओरडले. घंटेला गप्प बसता येत नाही.

चौघं दाराशी पोचली तेव्हा दाराला आतून कडी होती. खाम्फेटने काचेवर आपलं मनगट टेकवलं. तिच्या घड्याळात सातला दोन मिनिटं होती.

ऑर्फाबाई काठी टेकत उठल्या. त्या स्वतः स्टेजजवळच्याच कोपऱ्यात होत्या.

"अरे लेलंड, ते घड्याळ पुढे आहे. तूच ना रे त्याच्यामुळे रोज बस पकडायचास?"

"बाई, घंटा झाली म्हणजे झाली."

"नियमात सात वाजता लिहिलंय. घंटा कुठे लिहिलीय, दाखव!"

"बाई, आता वर्ग नाहीये हा. बसा तुम्ही."

"वर्ग असता तर तुला बाकावर उभं केलं असतं."

कोणीतरी हसलं. कोणीतरी ओरडलं, "आपल्याच कोपऱ्याच्या मुळावर का उठलात, म्हातारबाई?"

लेलंड म्हणाला, "सभेलाच विचारू. दार उघडू नये असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

शहाण्णवांपैकी अठ्ठावन्न हात वर गेले. कित्येकांच्या दुसऱ्या हातात एगरोल होता. खाम्फेटचा ट्रे आत होता, ती बाहेर होती.

ती चौघं आत आली असती तर शंभरात सतरा झाली असती. तसं झालं नाही. खिडकीचा कोपरा मोडला आणि त्यांना मिळाला असता तो एक प्रतिनिधी स्टेजच्या कोपऱ्याने गिळला. बाईंनी पक्षाकडे तक्रार लिहिली. वरून उत्तर आलं, घंटा झाल्यावर दार बंद केलं, यात गैर काही नाही. साक्षीला माझंच नाव!

बाई शाळेत आल्या. मला म्हणाल्या, "घड्याळ मी पुढे केलं, खोटं तू बोललीस. दोघींनाही शिक्षा." त्यांनी माझ्या पोटातला, मला वाजवणारा लोलक काढून पर्समध्ये टाकला. पुढे दोन वर्षांनी त्या गेल्या. जाण्याआधी तो लोलक त्यांनी पाकिटात घालून खाम्फेटला पाठवला.

परवा पुन्हा सभा झाली. खाम्फेट रजा टाकून सहालाच आली. ट्रे आणला नव्हता.

लेलंड हसून म्हणाला, "या वेळी लवकर आलात, ताई!"

"मी मागच्या वेळीही वेळेवरच आले होते. लवकर आली होती ती तुमची घंटा."

तिने मूठ उघडून लोलक दाखवला. "सात वाजले की लावते. माझ्या घड्याळात."

"ठेवा तो तुमच्याकडेच. माझ्याकडे शिट्टी आहे."

भिंतीवरच्या घड्याळात सात वाजले आणि त्याने शिट्टी फुंकली. पण दार बंद झालं नाही. उघड्या दारात, बर्फात घालायचे बूट उंबऱ्यात रोवून, खाम्फेट उभी होती. आणखी चार मिनिटं ती प्रत्येक येणाऱ्याच्या खांद्याला हात लावत राहिली.

मित्रांनो, मला घासूनपुसून चकचकीत करू नका. लोलक लावलात तर मी पुन्हा कोणाच्याही हातात वाजेन, माझा भरवसा धरू नका. तुमच्या हाती कधी घंटा आलीच, तर ती उचलण्याआधी एकदा दार उघडून बाहेर कोण आहे ते बघा.