पडद्यावरचं पाऊल

"सुधारणा अठ्ठेचाळीस टक्के," डॉक्टर शेषगिरींनी तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा हेमावतीबाईंनी हातातली पिशवी टेबलावर आदळली.

"टक्के राहू द्यात तुमच्यापाशी. दहा पावलं टाकली की पोटरी आवळून येते, त्याचं काय?"

"अज्जी, मशीन खोटं कशाला बोलेल?"

तीन महिन्यांपूर्वी धारवाडच्या याच इस्पितळात त्यांच्या कमरेच्या हाडातला मगज काढला होता. त्यातल्या मूळपेशी निवडून डाव्या पायात टोचल्या. नव्या रक्तवाहिन्या फुटतील आणि काळवंडत चाललेला अंगठा वाचेल, अशी आशा. आज उष्णता मोजणाऱ्या कॅमेऱ्याने पाऊल टिपलं आणि रक्त कुठे किती खेळतंय ते संगणकाने आपलं आपणच मोजून रंगवलं. पडद्यावर पाऊल लालभडक. लाल म्हणजे रक्त भरपूर, म्हणजे दुसऱ्यांदा टोचायला नको. फाइल बंद!

हुबळीला दाजीबानपेठेत पूर्वी डॉक्टर घरी यायचे. चहा बाजूला ठेवायचे, पावलावर दोन बोटं टेकवायचे आणि घरातल्या पोरांना गप्प बसवायचे. इथे सकाळपासून त्या पावलाला कुणी शिवलंसुद्धा नव्हतं.

"आई, आकडा चांगला आलाय, मग भांडता कशाला?" सून अर्चना कुजबुजली. "एवढं मी गाडीत शेक देत आणलं तुम्हाला..."

"कसला शेक?" डॉक्टरांनी मान वर केली.

"गरम पाण्याची पिशवी. हुबळीपासून पायाखाली धरली होती. गारठलेलं पाऊल डॉक्टरांपुढे कसं करायचं? बरं दिसतं का ते?"

"अय्यो, अक्का! तपासणीआधी अर्धा तास पाय उघडे ठेवून बसायचं, असं कागदावर लिहिलंय. आणि यांना शेक देतात का? बधिर पाय, भाजला तरी कळायचं नाही त्यांना!"

"कागद इंग्रजीत," हेमावतीबाई कडाडल्या. "मशीनला पिशवीची ऊब कळेना. आणि ज्या बाईला तोंड आहे, तिला कुणी विचारीना! साकु, पुरे झालं तुमचं. काढा पुन्हा फोटो."

अर्धा तास त्या अनवाणी बसल्या. अर्चना रडवेली होऊन पाणी द्यायला आली, तर "आता ते तरी गार आहे का?" म्हणून तिलाही टोला मिळाला.

दुसऱ्या चित्रात पोटरी जेमतेम पिवळी होती, पाऊल निळं, आणि अंगठा त्याहून गडद.

"बघा!" त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "सकाळपासून काय घसा कोरडा करत होते मी?"

डॉक्टरांनी 'फाइल बंद' खोडलं, दुसऱ्यांदा टोचायची तारीख घातली. हेमावतीबाई मात्र अजून पडद्याकडेच बघत होत्या. हळूहळू खाली बसल्या. सकाळपासून जे खरं ठरवायला त्या भांडत होत्या, ते आता खरंच ठरलं होतं: पाय सुधारलाच नव्हता.

"या खेपेला लागू पडेल ना हो?" त्यांनी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"बघू या, अज्जी," डॉक्टर म्हणाले.