बुजवलेली जाळी

मी एक जुनी सिमेंटची जाळी आहे. खरं तर होते असं म्हणायला हवं, कारण आता माझे सात तुकडे झाले आहेत. त्यातला सगळ्यात मोठा तुकडा कंपाला शहरातल्या एका अंगणात, कोंबड्यांचं पाण्याचं भांडं कलंडू नये यासाठी टेकण म्हणून लावला आहे. पण मित्रांनो, तुकडे झाले तरी माझी भीती गेलेली नाही. ती कशाची, तेच आज सांगते.

माझा जन्म रस्त्याकडेच्या एका साच्यात झाला. नालोंगोबाईंनी मला विकत घेतलं. जुळी झाल्यापासून त्यांना सगळे नालोंगो, म्हणजे जुळ्यांची आई, असंच म्हणतात. त्यांच्या भाड्याच्या घरात, स्वयंपाकघराच्या भिंतीत अगदी छताजवळ मला बसवलं. धूर आणि कोंडलेली गरम हवा बाहेर सोडायची, एवढंच माझं काम. एकोणीस वर्षं मी ते केलं. एकदा एक भाडेकरीण म्हणाली होती, "या घरात डोळे चुरचुरत नाहीत बाई." तेवढ्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं खूश होते. पुढे माझ्या भोकांत काजळी आणि कोळिष्टकं साचली. कोणी साधा झाडूही फिरवला नाही.

मग घर तीन महिने रिकामं पडलं. नालोंगोबाईंनी स्वयंपाकघर सजवायला काढलं, तेही अगदी थोड्या पैशांत. खोक्यांच्या फळ्यांची मांडणी झाली, जुन्या बाजारातलं बेसिन आलं, भिंतीवर फरशीचं चित्र असलेला कागद चिकटला. मी कौतुकाने बघत होते. तेवढ्यात मिस्त्रीने माझ्याकडे बोट दाखवलं.

"हिचं काय करू, नालोंगो? डासांची तार लावायची तर वीस हजार शिलिंग जातील."

"वीस हजार? त्या भोकांना?" त्या हसल्या. "सिमेंट उरलंय ना? लिंपून टाक. भाडेकरू येतो तो भिंत बघतो. हवा कोण बघतं?"

आतून माझ्यावर गिलावा चढला. मित्रांनो, जिवंतपणी तोंड बांधल्यासारखं वाटलं मला. बाहेरच्या बाजूने अंगण दिसत होतं, पण आतलं काहीच दिसेना. फक्त ऐकू यायचं. भरीला खिडकीची झडप नव्या रंगाने चिकटून बसली होती, उघडतच नव्हती. तेव्हापासून मला धडकी भरली ती भरलीच.

नवं बिऱ्हाड आलं. नांतुमे, तिचा नवरा लुतालो आणि चार महिन्यांची मुलगी. नांतुमेने गुडघे टेकून नालोंगोबाईंना नमस्कार केला आणि म्हणाली, "किती छान केलंय तुम्ही स्वयंपाकघर!" ती शेगडी अंगणातच पेटवायची, म्हणून मी दिवस ढकलत होते.

एका दुपारी नांतुमे बाजारात गेली होती. तिची आई नातीला बघायला आली होती आणि जावयासाठी मातोके शिजवत होती. हिरवी केळी पानांत बांधून तासन् तास वाफवायची, मधे आच तोडायची नाही. तेवढ्यात पाऊस कोसळला. तिने धगधगती शेगडी उचलून आत नेली आणि दार ओढून घेतलं. कोळशातून बिनवासाची एक विषारी हवा निघते. जन्मभर मीच तिला बाहेर काढत आले होते.

आजी बाळाशी बोलत होती. "आई येईल हं तुझी. हे बघ, माझंच डोकं गरगरतंय आज." मग तिचे शब्द जड झाले. मग ती गप्प झाली. बाळ रडत राहिलं. मला ओरडता आलं असतं तर!

इतक्यात लुतालो आला आणि नेमका माझ्याखाली वळचणीला उभा राहिला. आत जायला दहा पावलं होती, पण इथे जावई आणि सासू एका छताखाली येत नाहीत. एकमेकांना पाहायचं नाही, स्पर्श तर नाहीच. झाला तर जावयाचे हात जन्मभर थरथरतात, असं मानतात.

"आई, बाळ का रडतंय?" त्याने भिंतीआडून विचारलं.

उत्तर आलं नाही. त्याला वाटलं, सासूबाई मर्यादा पाळतायत. तो मान खाली घालून उभा राहिला. बाळाचं रडणंही थांबलं. त्याला वाटलं, झोपलं. मी भीतीने गारठून गेले.

मग करपल्याचा वास दाराच्या फटीतून अंगणात आला. लुतालोने मान वर केली. "आईंच्या हातचं मातोके करपलं?" तो स्वतःशीच पुटपुटला. "शक्यच नाही."

तरी तो दाराकडे गेला नाही. सासूच्या छताखाली शिरायचं नाही, म्हणून त्याने अंगणातली कुदळ उचलली, भिंतीलगतच्या पिंपावर चढला आणि माझ्यावर घाव घातला. मला मरणाची भीती वाटली, आणि त्याहून मोठी भीती ही, की मी फुटायला उशीर तर करत नाही ना. तिसऱ्या घावाला मी फुटले, गिलावा कोसळला. त्याने आत डोकावलं. खाली चटईवर आजी पडली होती, बाळ तिच्या कुशीत होतं.

मग तो धावला. आधी बाळाला बाहेर आणलं, मग सासूला दोन्ही हातांनी उचलून पावसात आणून ठेवलं. बाळ खोकून रडलं. आजीला डोळे उघडायला खूप वेळ लागला.

दवाखान्यातून परतल्यावर आजी पडद्याआड बसली. लुतालो अंगणात होता, हात खरंच थरथरत होते.

"नांतुमे, त्याला सांग," आजी म्हणाली, "हात थरथरले तर थरथरू देत. मी भरवीन त्याला."

नालोंगोबाई आल्या, भिंतीतल्या भगदाडाखाली बसल्या आणि ढसढसा रडल्या.

मित्रांनो, स्वयंपाकघर जरूर सजवा, कमी खर्चात सजवा. पण काही बुजवण्याआधी, ते तिथे का ठेवलं होतं एवढं विचारा. मी फुटले म्हणून त्या दोघी वाचल्या असं सगळे म्हणतात. मला नुसतं उघडं ठेवलं असतं, तरी त्या वाचल्या असत्या. आज शेजारच्या घरात मिस्त्री आलाय. त्याच्या थापीचा आवाज मला इथून ऐकू येतोय.