चांगुणाची झाडलेली तूर

आमची वहिनी चांगुणा म्हंजे स्वच्छतेचं याडच लागलेली बाई. आपून बौद्ध झालो, आता आपल्याला कुणी घाण म्हनू नये, येवढंच तिला ठावं. पाटलाच्या गोठ्यातलं शेण काढणं तिनं सोडलं अन् भांडून भांडून मला बी सोडाया लावलं.

तिची लेक विशाखा हैदराबादला संशोधनाला लागली, सत्त्याऐंशी साल असंल. तुरीच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीला एक रोग होतो. अळी काळी पडून शेंड्याला उलटी लटकती. त्या रोगाचा विषाणू काढून त्याची आतली घडण तपासायची, त्यानंच अळी मारायची, असं तिचं काम. त्यासाठी तिला आमच्या गावच्या, निंबर्ग्याच्या रोगी अळ्या पायजे व्हत्या. शेतावर औषध मारू नगा, येवढंच तिनं चांगुणाला सांगून ठेवलं. अळ्या मिळाल्या तर काम तिचं, न्हाई तर दुसऱ्या पोराला जाणार.

चांगुणानं औषध मारलं न्हाई. पण लेकीसंगं तिचे मोठे सर शेत बघाया अन् जेवायला येणार म्हनल्यावर तिचा जीव राहीना. किडकं शेत दाखवायचं व्हय पाव्हण्याला? आदल्या दिशी तिनं आमच्याकडं करतात तसं खाली गोणपाट अंथरून, झाडं हलवून समदी तूर झाडली. धडधाकट, रोगी, पडतील त्या अळ्या कोंबड्यांना घातल्या. मी आळंदच्या बाजारला गेलते, न्हाई तर हात धरला असता बयेचा.

सर बांधावरून हिंडले. एक बी अळी न्हाई. आता दुसरा विषय बघा, म्हनले. विशाखा बांधावरच बसली. चांगुणाचं तोंड तर बघवंना, मला लई वाईट वाटलं.

अळ्या कुठं टाकल्या, पोरीनं इचारलं. कोंबड्यांना, म्हनल्यावर ती उठलीच. ह्यो विषाणू पाखराच्या पोटातून जित्ता बाहीर पडतो म्हनं. अंगण सारवलं व्हतं, पण खुराडं घरामागल्या परड्यात, तेवढं झाडायचं राह्यलं व्हतं. बाटली घिऊन विशाखा कोंबड्यांची शिट गोळा कराया बसली.

चांगुणानं तिचं मनगट धरलं. डोळ्याला पाणी.

"येवढं शिकून हेच उचलायचं व्हय गं?"

"माय, ते पाटलाचं व्हतं. हे माझं काम हाय."

चांगुणानं मनगट सोडलं. मंग पदर खोचून तिनं खुराड्यात हात घातला. सरांना जेवायला उशीर झाला त्या दिशी.