सिहोरावालीची शेवटची कॉमेंट

मितू झोपली आणि मी मोबाईल हातात घेतला. माझं सगळं लिहिणं-वाचणं असंच होतं, तिच्या झोपेवर बेतलेलं. ब्लॉगचं नावच 'मितू झोपली तेव्हा'. तिचं दात येणं, दुपारची खिचडी, खिडकीवर येणारी साळुंकी, असलं काहीबाही मी लिहिते. रोज आठ-दहा जणं वाचतात. त्यानंतर वेळ उरलाच तर क्रोशाच्या टोप्या विणणारी एक बाई आणि पाखरांचे फोटो टाकणारे एक निवृत्त पोस्टमास्तर, यांची पानं बघते. तेवढ्यात मितू उठते.

त्या दिवशी एक कॉमेंट मंजुरीसाठी थांबलेली होती. कोणी वाह्यात काही लिहू नये म्हणून मी आधी वाचते, मगच लावते. नाव होतं सिहोरावाली.

'ताई, पाणी मागच्या पायरीवर आलं. सासूबाई म्हणतात, दरसाल येते अन् उतरते. त्यांना खाटेवरून उठता येत नाही. हे हैदराबादला. शेजारचे गेले, मला हाक मारली होती, पण यांना टाकून कशी निघू? बाळ झोपलं आहे. वाचलं तर सांगा, काय करू.'

सकाळची कॉमेंट होती. तेव्हा मी मितूला आंघोळ घालत होते. आता दुपार कलली होती.

मी लिहिलं, 'निघ. कोणालाही हाक मार, पण निघ.' आणि पडद्याकडे बघत बसले. उत्तर आलं नाही.

बाहेर लख्ख ऊन होतं. भंडाऱ्यात दोन दिवस थेंब पडला नव्हता, तरी वैनगंगा वाढतच होती. सगळं वरून आलेलं पाणी. आमची खोली गावाच्या उंच भागात, म्हणून आम्ही कोरडे. शाळेला पुराची सुट्टी होती, त्यामुळे माझे मिस्टर, धम्मदीप, घरीच होते. सासूबाई गावाहून नातीला बघायला आल्या होत्या आणि पुरानं अडकल्या होत्या. त्या दारात बसून भाजी निवडत होत्या.

"अहो, सिहोऱ्यात ओळखीचं कोणी आहे?"

"जागेश्वर आहे ना, माह्या शाळेतला. काहून?"

मी मोबाईल पुढे केला. त्यांनी वाचलं, परत वाचलं, आणि लगेच फोन लावला.

"जागेश्वर, गावात पाणी शिरलं काय गा?"

"नाई सर. धानाच्या बांध्या भरल्या तेवढंच. आम्ही तं ओट्यावर पत्ते खेळून राहिलो."

"कोणाच्या घरात, मागच्या पायरीवर वगैरे?"

"कोणाच्याच नाई. कोणी सांगतलं तुमाले?"

धम्मदीप फोन ठेवून म्हणाले, "घाबरली असन पोरगी. अंगणात डबकं साचलं अन् तिले नदी दिसली."

माझा जीव भांड्यात पडला. मी उठून कपड्यांच्या घड्या घालायला लागले. पण हात चालत होते तसं मन चालत नव्हतं. घाबरट नव्हती ती. सव्वा वर्ष ती माझ्याशी बोलत होती, माझ्या प्रत्येक लिहिण्याखाली. तिच्या बाळाच्या कानावर तीळ आहे, त्याला फोडणीचा वास आला की शिंक येते, हे मला ठाऊक. तिचं नाव मात्र ठाऊक नाही. मीही माझं सांगितलं नव्हतं. बाळाची आई म्हणून भेटलेल्या दोघी, नावाची गरज पडली नाही. एकदा तिनं लिहिलं होतं, मी इथं लिहिते हे घरात कोणाला माहीत नाही ताई, तुम्हीही कुठं बोलू नका.

"करडीवाली, चहा टाकतेस का नाई आज?" सासूबाई दारातून म्हणाल्या.

"टाकते," म्हटलं, आणि पातेलं हातात घेऊन तशीच उभी राहिले.

करडी माझं माहेर. सासरच्या गावात लग्नापासून मला रुचिता म्हणून कोणी हाक मारली नाही. आली त्या दिवसापासून करडीवाली. आमच्याकडे सुनेला तिच्या माहेरच्या गावानं ओळखतात. भंडाऱ्यात शेजारीपाजारी मला मॅडम म्हणतात, म्हणून माझंच मी विसरले होते. करडीत मला करडीवाली कोण म्हणणार? तिथे मी रुचिताच.

"अहो," मी म्हटलं, "ती सिहोऱ्यात नाहीच. ती सिहोऱ्याची लेक आहे. दिली दुसरीकडे. कुठेतरी नदीवर."

त्यांनी लगेच मोबाईल उचलला. पुन्हा फोन लागला. या वेळी जागेश्वरनं तो आपल्या आईच्या, शकुनबाईंच्या हातात दिला.

"कोन व तू?" शकुनबाईंनी विचारलं.

"मी धम्मदीप सरांच्या घरची."

"ते झालं. गाव कोनतं तुहं?"

"करडी."

"हं. बोल, करडीवाली."

"मावशी, तुमच्या गावची एक पोरगी नदीकाठी दिलेली आहे. नवरा हैदराबादले, सासू खाटेवर. पोरगा वर्षा-दीड वर्षाचा, कानावर तीळ."

"नदीकाठी तं लय देल्या व. थांब. सासू खाटेवर?" त्या मनाशी पुटपुटत राहिल्या. मला त्यांच्या मागे पत्त्याची पानं आपटल्याचं ऐकू येत होतं. "हैदराबाद म्हणतेस तं केशरबाईची तृप्ती. पवनीले देली. मी बारशाले गेलती ना, तीळ म्याच दाखवला होता."

पवनी. नदी खाली तिथेच पसरते. सकाळपासून मोबाईलवर जे पाण्याचे फोटो फिरत होते, ते पवनीचेच होते.

केशरबाईंचं घर दोन घरं टाकून होतं. शकुनबाई फोन घेऊनच तिकडे गेल्या. केशरबाई आधी माझ्यावरच उखडल्या.

"काहून जीव घाबरवून राहिली व? सकाळीच बोलली माही पोरगी. पाणी लय दूर आहे, आई, काळजी नोको करू म्हणे."

मी कॉमेंट वाचून दाखवली. मग केशरबाई हळूच म्हणाल्या, "मले काहून नाई सांगतलं?"

याचं उत्तर मला माहीत होतं, पण ते द्यायची वेळ नव्हती. आईला सांगितलं असतं तर आई रडली असती. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो तिथून ओरडला असता. म्हणून तिनं मला विचारलं, आणि मी आंघोळ घालत होते.

तृप्तीचा नंबर मिळाला. फोन बंद.

पवनीत मधुकरराव म्हणून धम्मदीपच्या ओळखीचे एक शिक्षक आहेत. पुरातली माणसं त्यांच्याच शाळेत आणून ठेवत होते. त्यांना फोन लागला तेव्हा मागे नुसता कालवा होता.

"ते घर रिकामं आहे सर," ते म्हणाले. "शेजारी इथंच बसले आहेत. तिले हाक मारली, निघालीच असन म्हणतात."

"मग ती शाळेत दिसली काय?"

"इथं चारशे माणूस आहे. एक काम करा. पाण्यात जायले नाव एकच आहे, अन् खोट्या निरोपावर दोनदा जाऊन आली. तिनं स्वतः लिवलं असन तं त्याचा फोटो पाठवा. मी पोरांले दाखवतो."

"पाठव," धम्मदीप म्हणाले. मी पडद्याचा फोटो काढला. त्यांनी माझ्या हातातूनच मोबाईल घेतला, फोटो आपल्या फोनवर घेतला आणि मधुकररावांना पाठवला. शिवाय शिक्षकांच्या ग्रुपवरही टाकला, पवनीतल्या कोणीतरी बघावं म्हणून.

पाठवून झाल्यावर मी तो फोटो नीट पाहिला. कॉमेंटच्या वर ठसठशीत अक्षरात माझ्या ब्लॉगचं नाव होतं. खाली, सिहोरावाली.

आता पवनीत ज्याला तृप्ती माहीत आहे तो ब्लॉग उघडणार. आणि माझ्या प्रत्येक पानाखाली तीच आहे. तिचा नवरा पैसे पाठवताना काय बोलतो ते आहे. नणंद काय टोमणे मारते ते आहे. आणि एका पानाखाली, मला तारीख नाही पण शब्द पाठ होते, 'आज मनात आलं, सासूबाई सुटल्या तर बरं. त्याही अन् मीही. मग लाज वाटली, त्यांचे पाय चेपत बसले.'

त्याच सासूबाईंसाठी ती मागे राहिली होती. पण हे कोणाला समजावत बसणार?

मी पहिल्या पानापासून पुसायला लागले. एकेक कॉमेंट. दरवेळी मोबाईल विचारायचा, कायमची पुसायची? दरवेळी हो. बाळाचा पहिला दात गेला. फोडणी आणि शिंका गेल्या. 'ताई, आज कावळ्याला कावा म्हणाला' हे गेलं. कॉमेंटच्या मेल मी कधीच बंद केल्या होत्या, टिंग वाजलं की मितू दचकते म्हणून. म्हणजे हे दुसरीकडे कुठेच उरणार नव्हतं. ते कळत होतं, तरी बोट थांबवता येत नव्हतं, कारण पानावरचा आकडा पळायला लागला होता. आठ-दहाचे साठ झाले, साठाचे दीडशे. मंजुरीच्या रांगेत एक नवी कॉमेंट येऊन बसली, 'ही आमच्या गल्लीतली आहे का?' तीही पुसली. ते पाय चेपण्याचं पान सापडत नव्हतं.

मितू उठली. सासूबाईंनी तिला उचललं आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"काय करून राहिली व एवढं घामाघूम होऊन?"

"तिनं सासूबद्दल लिहिलेलं पुसते आहे."

त्यांनी मितूला मांडीवर बसवलं. "माह्याबद्दल काय काय लिवलं तू?"

"तुमच्याबद्दल चांगलंच आहे, आई."

"मंग कोन वाचन ते," त्या म्हणाल्या, आणि मितूला घेऊन ओसरीत गेल्या, म्हणजे माझे दोन्ही हात मोकळे राहावेत.

ते पान सापडलं. पुसलं. आणखी खाली जात राहिले. मध्येच धम्मदीप सांगायचे, नाव निघाली म्हणे. मग, गल्लीच्या तोंडाशी ओढ फार आहे, दोर बांधून राहिले. मग बराच वेळ काहीच नाही. मधुकरराव फोन उचलेनात. केशरबाईंचा तीनदा येऊन गेला, तिन्ही वेळा मी "अजून नाही, मावशी" म्हटलं आणि तिन्ही वेळा त्या "बरं" म्हणाल्या. पुसायला काही उरलं नाही तेव्हा जास्त भीती वाटली. इतका वेळ निदान हाताला काम होतं. आता सगळीकडून ती गेली होती, आणि ती मीच घालवली होती.

उन्हं कौलांवर गेली तेव्हा फोन आला. धम्मदीपनी स्पीकर लावला.

"सापडले, सर," मधुकरराव म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "तिघंही. खाटेखाली दोन पेट्या ठेवून खाट वर घेतली होती पोरीनं. पाणी खाटेले लागलं होतं. बोला, इथंच आहे ते."

खरखर झाली. मग एक बारीक आवाज आला, मी मनात ऐकायचे त्यापेक्षा फार लहान.

"ताई? मी तृप्ती."

"मी रुचिता," मी म्हटलं.

"फोन पाण्यात पडला. तुमचं उत्तर नाई वाचलं मी." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाली, "इथं एक पोरगी तुमचं पान उघडून सगळ्यांले दाखवून राहिली होती. मी मागून वाकून पाहिलं. पण माहं काहीच दिसलं नाई त्यात."

"पुसलं सगळं."

"ते पन?"

"ते सगळ्यात आधी शोधत होते."

पाठीमागे कोणीतरी भाताच्या पंगतीला बोलावत होतं.

"बरं केलं," ती म्हणाली. आणि मग, "बाळाचं मी दुसरीकडं कुठंच नाई लिवलं, ताई."

"माहीत आहे."

"काहीच नाई ऱ्हायलं?"

"मला आठवतं," मी म्हटलं. "पहिला दात पोळ्याच्या आदल्या दिवशी. खालचा. वरण भरवताना चमचा टण्‌कन वाजला, म्हणून तुला कळलं."

"हो." ती हसली का रडली, कळलं नाही. "अजून?"

"पहिला शब्द कावा. खिडकीतल्या कावळ्याला. तू दिवसभर कावळ्यासाठी पोळी टाकत बसलीस."

"सासूबाई विचारून राहिल्या, कोन आहे फोनवर म्हणून."

"काय सांगितलं?"

"करडीची मैत्रीण म्हटलं. करडी कसं कळलं मले, विचारा. माही आई सांगत होती, मधुकर सरांनी आधी तिलेच फोन लावून देला." मग ती घाईनं म्हणाली, "अन् पोरगा चालला कवा? ते लिवलं होतं मी."

मी आठवायला लागले. लिहिलं होतं, मी वाचलंही होतं, पण शेवटच्या कॉमेंट मी आकड्याकडे बघत पुसल्या होत्या. दिवस काही केल्या आठवेना.

"ते तूच सांग," मी म्हटलं.

"थंडीत चालला. सासूबाईच्या खाटेले धरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत."

मागून एक म्हातारा, ओला, चिडका आवाज आला.

"खाटेले नाई. माह्या बोटाले धरून."